धूर, इस्तो आणि वखराची पास

नमस्कार श्रोतेहो. पऱ्हाटी बोंडावर आली आहे, तुम्हाला कामं आहेत, तरी थोडा वेळ रेडिओजवळ बसा. आज बोलायचं आहे तर्कशास्त्राबद्दल. एका गोष्टीवरून दुसरी ताडताना मधला दुवा पक्का आहे का, हे तपासणारं शास्त्र. मधला दुवा, एवढं ध्यानात ठेवा.

मी आठ वर्षांचा होतो. मृगाच्या आधी आजा वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, पाजवायला लोहाराकडे गेला, मीही मागोमाग. (गावातला भाता बंद पडला, हे फार वाईट झालं. दुकानच्या पासेला तशी धार राहत नाही.) लोहारानं लालबुंद पास ठोकली अन् बाजूला मातीत टाकली. हळूहळू लाली गेली, पास काळी पडली. धूर नव्हता. घरी मी रोज ऐकायचो, धूर तिथं इस्तो, म्हणजे विस्तव. मग धूर नाही, म्हणजे इस्तो नाही! मी पास उचलली. चारही बोटं भाजली.

आजानं माझा हात पाण्यात बुडवला आणि म्हणाला, "धूर दिसला म्हंजे इस्तो हाये, हे खरं. पन इस्तो असला म्हंजे धूर दिसनच, हे तुले कोनं सांगतलं बापा?"

पुन्हा सांगतो. धुरावरून इस्तो ताडता येतो. इस्त्यावरून धूर ताडता येत नाही. म्हणून धूर नाही तर इस्तो नाही, हेही म्हणता येत नाही.

पुढे कॉलेजात अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हाती आला, सतराव्या शतकातला. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ताडतात, आणि अग्नी असून धूर नसल्याचं उदाहरण म्हणून तापलेला लोखंडाचा गोळा देतात. माझीच पास! धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. या अटीला ते उपाधी म्हणतात. ओली पऱ्हाटी चुलीत घालणाऱ्या बायांना हे कुणी शिकवायला नको.

लेकरू "कशावरून?" म्हणालं तर त्याला उलट बोलतो म्हणून गप्प करू नका. शाळेतही हा प्रश्न रोज व्हायला हवा.

आता कपाशीत चला. डोमकळी, म्हणजे न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, दिसली तर गुलाबी बोंडअळी आहे. पण डोमकळी नाही, म्हणून अळी नाही? हिरव्या बोंडाच्या आत अळी बाहेरून दिसत नाही. एकरी 20 हिरवी बोंडं फोडून पाहा. दोन बोंडांत अळी निघाली तर 10 टक्के झाले, फवारणीची वेळ आली. बोंडं धुऱ्याजवळची, म्हणजे बांधाजवळचीच तोडू नका, आतल्या तासांतली, म्हणजे ओळींतलीही घ्या.