पानाच्या सुरळीतला पतंग

पतंग, म्हणजे फुलपाखराचा भाऊबंद कीटक, ओळखायचा असेल तर सुरुवात पतंगापासून करू नका, पानापासून करा. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, पण ते पटवून देण्यासाठी जरा खोलात जावं लागेल.

पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही पारसपिंपळाखाली उभे राहा. पिवळ्या फुलांचं, किनाऱ्यालगत आणि जुन्या वस्त्यांतून दिसणारं हे झाड. बरेच जण त्याला नुसतं भेंडीचं झाड म्हणतात. त्याची काही पानं भेळवाला कागदाचा कोन करतो तशी वळलेली असतात. बाल्कनीतल्या जास्वंदीवर किंवा कुंडीतल्या भेंडीवरही हेच दिसेल. कपाशी लावणारे शेतकरी या अळीला पाने गुंडाळणारी अळी म्हणून ओळखतात. शास्त्रीय नाव हरितालोडेस डेरोगाटा.

अशी एक सुरळी हलक्या हाताने उलगडा आणि भिंगातून बघा. आत पानाच्या एका भागापासून दुसऱ्यापर्यंत रेशमाचे पांढरे टाके घातलेले दिसतील. अळी डोकं डावीउजवीकडे नेत धागा ताणून चिकटवत जाते. ताणलेले धागे आखडतात आणि पान जरासं वळतं. मग ती त्याहून आखूड टाके घालते आणि पान आणखी वळतं. तिच्या मानाने अवाढव्य असलेलं पान ती असं थोडं थोडं करून वळवते. आतली अळी हिरवट, इतकी पारदर्शक की पोटातलं अन्न बाहेरून दिसतं, डोकं काळपट. तिला धक्का लागला तर ती झपाट्याने मागे सरकते, कधी धाग्याला लोंबकळत खाली उतरते. सुरळीत तिच्या विष्ठेच्या काळ्या गोळ्या साचलेल्या असतात.

त्या गोळ्याही नोंदवा. पानं गुंडाळणाऱ्या अळ्या अनेक कुळांत आहेत, पण आपल्याकडे मुख्यतः दोन कुळांशी गाठ पडते, टॉर्ट्रिसिडी आणि क्रॅम्बिडी. टॉर्ट्रिसिडीतल्या बऱ्याच अळ्यांच्या शेवटच्या टोकाला एक बारीक काटेरी कंगवा असतो आणि त्याने त्या विष्ठा सुरळीबाहेर भिरकावतात. त्यांचं घर स्वच्छ, डेरोगाटाचं भरलेलं. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली छातीच्या पहिल्या खंडावर, श्वासरंध्राच्या पुढे बघा. तिथे केसांचा एक छोटा पुंजका असतो. टॉर्ट्रिसिडीत त्यात तीन केस, क्रॅम्बिडीत दोन. पतंग बाहेर पडायच्या आधीच, केसांच्या या मोजणीवरून तुम्ही या दोनांपैकी योग्य कुळापर्यंत पोहोचता.

आता अळी पाळा. बरणी, तोंडाला पातळ फडकं आणि त्याच झाडाचं ताजं पान, एवढं पुरतं. मुंबईच्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते, म्हणून पान ओलं ठेवू नका आणि विष्ठा रोज काढा. कोषात जाण्याआधी डेरोगाटाची अळी गुलाबीसर होते, मग सुरळीतच तांबूस तपकिरी कोष करते. कधी कोषातून पतंगाऐवजी एखादी परजीवी गांधीलमाशी निघते. अशा वेळी लोक हिरमुसतात, पण ही नोंदही तितकीच मोलाची आहे. तिच्यावर तारीख आणि झाड लिहून ठेवाच.

पतंग बाहेर आला की त्याचे पंख फिकट पिवळसर, त्यांवर तपकिरी नागमोडी रेघा, डोक्यावर आणि छातीवर काळे ठिपके. इथे फोटो काढून नाव देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. डेरोगाटाच्या बाबतीत बहुतेक वेळा ते जमूनही जाईल. पण फोटो हा पुरावा आहे असं मी मानत नाही, आणि का ते भाताच्या उदाहरणावरून सांगते.

कर्जत-पनवेलच्या खाचरांत भाताची पातं लांबट दुमडलेली दिसतात, हिरवा भाग खरवडून पांढरे पट्टे पडलेले असतात. पातं कापून त्याची नळी करणारी, पाण्यावर तरंगणारी सुरळीतली अळी वेगळी. ही पातं दुमडून आत राहणारी. तिच्या पतंगाचं वर्णन कीटकशास्त्रज्ञ गेने यांनी १८५४मध्ये केलं, नाव नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. १९८१मध्ये ब्रॅडली यांनी दाखवून दिलं, की भातावरच्या ज्या पतंगांना हे नाव दिलं जात होतं त्यांत आणखी एक प्रजाती मिसळलेली आहे, आणि तिला मारास्मिया पॅटनॅलिस हे नाव दिलं. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या पिकांपैकी एकावर या दोन प्रजाती एकाच नावाखाली नोंदल्या जाऊ शकत होत्या. त्या जुन्या नोंदींतली कुठली कोणाची, हे आज फक्त तिथेच ठरवता येतं जिथे कोणी टाचणीवरचा पतंग जपून ठेवला आहे.

म्हणून पोटाकडे वळावं लागतं. पतंगाचं उदर वेगळं करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवतात, मऊ भाग विरघळतात आणि कठीण भाग उरतात: जननेंद्रियं आणि क्रॅम्बिडीत उदराच्या तळाशी असणारे कान. कुंचल्याने खवले झाडायचे, रंग द्यायचा, काचपट्टीवर बसवायचं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण जवळच्या प्रजातींत पंखावरची नक्षी सारखी असली तरी इथे आकार वेगळे निघतात. सोंडही बघा, क्रॅम्बिडीत तिच्या बुडाशी खवले असतात, टॉर्ट्रिसिडीत ती उघडी. हल्ली एका पायातून डीएनए काढून ६५८ अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचतात. त्याचा उपयोग मोठा आहे, विशेषतः अळी आणि पतंग एकाच प्रजातीचे आहेत हे ताडायला. तरी ज्याच्याशी तुलना करायची तो नमुनाच चुकीच्या नावाने ठेवलेला असेल, तर हा तुकडाही चुकीचंच नाव सांगणार.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड मेरिक यांनी पतंगांच्या हजारो प्रजातींना नावं दिली, त्यांत भारतातल्या कितीतरी. जननेंद्रियं तपासण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पंखातल्या शिरा आणि नक्षी एवढ्यावर ते लिहीत. त्यांची वर्णनं आज अपुरी वाटतात. पण त्यांनी नमुने ठेवले होते, ते लंडनच्या संग्रहालयात गेले, आणि पुढे क्लार्क यांनी त्याच नमुन्यांची जननेंद्रियं काढून सचित्र खंड प्रसिद्ध केले. वर्णनातली उणीव नमुन्याने भरून काढली.

हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६मध्ये भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. आजही ते उघडावेच लागतात. मात्र अशा जुन्या लेखनाचा आधार मुख्यतः टाचणीवरचा प्रौढ पतंग होता. त्याची अळी कुठलं पान खाते, हे कितीतरी प्रजातींच्या बाबतीत कोरंच राहिलं. ती कोरी जागा आपल्या शहरातला कोणीही भरू शकतो. तगरीवर, उंबरावर, सागावर सुरळ्या आहेतच.

नवी प्रजाती लिहायची वेळ आली तर नियम स्पष्ट आहेत. १९९९नंतर दिलेल्या प्रजातीच्या नावासाठी मूळ नमुना ठरवून द्यावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला ते छापावं लागतं. जवळच्या प्रजातींपेक्षा ही कशी वेगळी, ते शब्दांत मांडावं लागतं. डेरोगाटाचं नाव फॅब्रिशियस यांनी १७७५मध्ये दिलं तेव्हा ती फॅलीना या भल्यामोठ्या प्रजातीगटात होती. पुढे गट बदलत गेला, म्हणून आज त्यांचं नाव आणि वर्ष कंसात लिहितात. शेतीच्या जुन्या पुस्तकांत हीच अळी सिलेप्टा डेरोगाटा म्हणून भेटेल. शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

आपल्या २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. राष्ट्रीय उद्यानातून नमुना घ्यायचा तर वनखात्याची लेखी परवानगी आधी, जाळं नंतर. आणि टाचणीखालच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव यांच्यासोबत झाडाचं नाव लिहा, त्याच झाडाचं एक पान दाबून वाळवून त्याला तोच क्रमांक द्या. पतंग पाळून मिळाला असेल तर अळी सापडली ती तारीख आणि पतंग निघाला ती तारीख, दोन्ही वेगवेगळ्या लिहा.