हफलपफची खोली स्वयंपाकघराशेजारी

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण. माईकची शिट्टी आणि मधले दोन फोन वगळले आहेत.)

नमस्कार मंडळी.

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागून चिवड्याचा वास येतोय, तेव्हा मी वेळेत आटपणार याची हमी माझ्यापेक्षा चिवडाच देईल. पत्रिकेत विषय छापलाय, 'मायबोली आणि पुढची पिढी'. त्यावर चार पानं लिहूनही झाली होती. पण तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक प्रकार घडला आणि ती चार पानं तिथेच राहिली.

आमची लेक सप्टेंबरात इयर सेव्हनला, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात गेली. शाळेचं पत्र आलं, त्यात तिचं हाउस कळवलेलं. टायवर त्या रंगाचा पट्टा. आपल्यालाही हे काही नवीन नाही, आपल्याकडेही लाल, निळं, हिरवं, पिवळं होतंच. मी पिवळ्यात होतो. पिवळं दरवर्षी चौथं यायचं, आणि रस्सीखेचीत शेवटचा माणूस मी असायचो, यापलीकडे मी काही सांगत नाही.

तर हाउस मिळालं आणि बाईसाहेबांना हॅरी पॉटरनं पुन्हा झपाटलं. तुम्हा सगळ्यांच्या घरून कधी ना कधी हे वारं गेलेलंच आहे. भारतातून आईबाबा आले की आपण त्यांना लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला नेतो आणि भिंतीत अर्ध्या घुसलेल्या त्या ट्रॉलीशी फोटो काढायला रांगेत उभं करतो. माझे वडील चाळीस मिनिटं उभे राहिले आणि मग म्हणाले, 'एवढ्या वेळात पंढरपूरला दर्शन झालं असतं.'

लेकीनं काढलेला खेळ असा. मी तिला लहानपणापासून रात्री ज्या गोष्टी सांगितल्या, त्यातली सगळी माणसं हॉगवर्ट्सच्या, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेच्या, चार घरांत बसवायची. तिथे नव्या मुलाच्या डोक्यावर एक बोलणारी टोपी ठेवतात आणि ती त्याचं घर ठरवते. ग्रिफिंडॉर शूरांचं, रेव्हनक्लॉ बुद्धिमंतांचं, हफलपफ निष्ठेनं राबणाऱ्यांचं, स्लिदरिन धूर्त आणि महत्त्वाकांक्षी लोकांचं. मोठा कागद, चार रकाने, स्केचपेन. मी मनात म्हटलं, चला, मायबोली आणि पुढची पिढी!

पहिलं नाव अर्थातच फास्टर फेणे. मी न विचारताच सांगितलं, ग्रिफिंडॉर. ती म्हणाली, 'नाही बाबा, स्लिदरिन.' माझा घास घशातच राहिला. फुरसुंगीचा बन्या, आणि त्या खलनायक व्होल्डेमॉर्टच्या घरात? तर तिनं मला पुस्तक काढून दाखवलं. दुसऱ्या भागात हेडमास्तर डंबलडोर हॅरीला सांगतात की स्लिदरिनला जे गुण हवे असतात ते तुझ्यात आहेतच: हिकमत, जिद्द आणि नियमांची थोडी बेफिकिरी. 'आता सांग, हे कोण आहे?' मी नुसतं 'टॉक' केलं.

मग चिमणराव. मी म्हटलं, गुंड्याभाऊ ग्रिफिंडॉर, हातात सोटा आहे, आणि चिमणराव हफलपफ. तिनं नेमकं उलटं केलं. 'गुंड्याभाऊला भीतीच वाटत नाही, मग तो ब्रेव्ह कसा? चिमणराव घाबरतो, तरी जातो.' आणि गुंड्याभाऊ हफलपफ, कारण तो चिमणरावाला कधी सोडून जात नाही. मंडळी, मी दूरदर्शनवर तो कार्यक्रम गुडघ्याएवढा असल्यापासून पाहिलाय. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

गटणे रेव्हनक्लॉमध्ये गेला, त्यावर दोघांचं एकमत. अंतू बर्वाही तिथेच, कारण त्या घराचं ब्रीदच चातुर्याचं आहे. रत्नागिरीच्या माझ्या साडूनं फोनवर याला हरकत घेतली, त्यांच्या मते अंतूशेटना कुठल्याच घरात घालता येत नाही, ते घरमालकच. त्यांची हरकत नोंदवून ठेवली.

आणि नारायण? हफलपफ. वादच नाही. सगळं लग्न अंगावर घेणारा, शालूपासून पत्रावळींपर्यंत, आणि वरात गेल्यावर कुणाच्या लक्षातही न राहणारा.

इथवर मजा चालली होती. मग मला हुक्की आली. मी विचारलं, 'आणि आपण?' माझं ग्रिफिंडॉर मी गृहीत धरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं, सातासमुद्रापार आलो वगैरे. ती म्हणाली, 'बाबा, तू रेस्टॉरंटमध्ये थंड सूप आलं तर परत पाठवत नाहीस.' मला रेव्हनक्लॉ मिळालं, तेही जागा होती म्हणून.

'आणि आई हफलपफ,' ती म्हणाली. 'नारायणसारखी. आई सगळ्यांचं सगळं करते.'

पोरीनं कौतुकानं म्हटलं होतं. तिच्या दृष्टीनं ते सगळ्यात चांगलं घर. तिथे कुणाला नाकारत नाहीत, आणि वर तिनं माहिती पुरवली की हफलपफची खोली स्वयंपाकघराच्या अगदी शेजारी असते.

'हो का,' आमची ही म्हणाली. 'सोयीचं आहे.'

मग तिनं डाव आमटीच्या भांड्यात ठेवला. हळूच ठेवला. लग्नाला सोळा वर्षं झालेल्यांना त्या हळूचा अर्थ कळतो. माझी बायको औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र बघते. तिनं बेरीज चुकल्याचं सांगितलं की मोठमोठे डॉक्टर गप्प बसतात. ती म्हणाली, 'अकरा वर्षांची होते तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी रेव्हनक्लॉ म्हटलं असतं. पण ती टोपी निदान विचारते तरी.'

हे खरं आहे. हॅरी टोपीखाली बसून पुटपुटतो, स्लिदरिन नको, आणि टोपी ऐकते. मी हे बोलून दाखवलं. ती वेळ बोलायची नव्हती. पुढचा अर्धा तास जे झालं ते आमच्या घरातच राहू दे, पण 'तुझ्या मित्रांची फर्माईश' हे शब्द त्यात दोनदा आले, आणि गणपतीत एकशे दहा माणसांचे मोदक कुणी वळले, हेही आलं.

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका, किंवा फराळानंतर रागवा. आपल्या मंडळाची भोजन समिती बघा. तिच्यात सहा जणी आहेत. एक चार्टर्ड अकाउंटंट, एक भूलतज्ज्ञ, एक गणिताची शिक्षिका. आणि हिशेब कोण बघतं? मी. ज्याचा ताळेबंद गेल्या वर्षी सतरा पौंडांनी जुळला नाही. माझ्या डोक्यावर ही टोपी कुणी ठेवली, मला आठवत नाही. पण त्यांच्याही डोक्यावर कुणी ठेवली ते कुणाला आठवत नाही.

तशी आपली टोपी हॉगवर्ट्सपेक्षा जुनी आहे. नवा माणूस दारात आला की आपण नाव विचारतो, मग आडनाव, मग 'म्हणजे मूळचे कुठले?', मग 'पुण्यात म्हणजे नक्की कुठे?' चौथ्या प्रश्नाला त्याचं घर ठरलेलं असतं. टोपी डोक्यावर ठेवायचीसुद्धा गरज पडत नाही. शेवटच्या भागात डंबलडोर तिथल्याच स्नेप या शिक्षकाला म्हणतात की कधी कधी वाटतं, आपण ही वाटणी फार लवकर करतो. तिथे निदान अकरा वर्षं तरी थांबतात.

त्या रात्री भांडी मी घासली. (टाळ्या नकोत, एक कप फुटला.) लेक कागद घेऊन ओट्याशी आली. 'बाबा, यात आई सोडून मुलगी एकच आहे. आणि तिचं नाव मला माहीत नाही.' मी बघितलं. खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'श्यामची आई'.

मी लगेच तळव्यांची गोष्ट सांगू लागलो. ती मला अजून रडवते, तुम्हालाही रडवते. ती म्हणाली, 'ती माहितीय. नाव काय तिचं?' मंडळी, साबणाचे हात घेऊन मी उभा. हे पुस्तक मी लहानपणापासून किती वेळा वाचलंय. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे मला पाठ. नाव आठवेना. आतल्या खोलीतून आवाज आला, 'यशोदा. आणि माहेरी आवडी.' म्हणजे दार बंद असलं तरी कान उघडे होते.

यशोदेला कुठल्या घरात घालायचं यावर मायलेकी मग बराच वेळ बोलत होत्या. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या पोराला शिंपटीनं बाहेर काढणारी, सावकाराच्या माणसाला दारात सुनावणारी. ग्रिफिंडॉर की हफलपफ? लेकीनं शेवटी काहीच लिहिलं नाही. आईच्या नावापुढचं हफलपफही तिनं खोडून ठेवलंय. कागद फ्रिजवर आहे.

परवा तिनं मला विचारलं, 'बाबा, यशोदाला स्वतःला काय व्हायचं होतं, हे पुस्तकात कुठे आहे का?' म्हणून मी पुस्तक पुन्हा उघडलंय, या वेळी रडायला नाही, शोधायला. अकराव्या रात्रीपर्यंत आलोय. अजून सापडलेलं नाही. एकतीस रात्री बाकी आहेत.