ट्विटरने फाँट बदलला आणि लोकांचं डोकं उठलं

११ ऑगस्ट २०२१. लोक नेहमीसारखं ट्विटर उघडतात आणि काहीतरी खटकायला लागतं. माणसं तीच, भांडणं तीच, पण अक्षरं भलतीच.

तोवर ट्विटरला स्वतःचं अक्षर असं नव्हतंच. आयफोनवर सॅन फ्रान्सिस्को नावाचा फाँट, अँड्रॉइडवर रोबोटो, ज्याच्या घरी जायचं त्याच्याच ताटात जेवायचं. मग स्वित्झर्लंडच्या ग्रिली टाइप या फाँट बनवणाऱ्या कंपनीला सोबत घेऊन त्यांनी चर्प नावाचा फाँट करून घेतला. जानेवारीत तो दाखवलाही होता, पण लांबून बघणं वेगळं आणि दिवसभर त्यातच वाचायचं म्हणजे वेगळं ना.

मग काय, तक्रारींचा पाऊस. डोळे दुखतायत, डोकं दुखतंय, मायग्रेन वाढलाय, जुना फाँट परत द्या. काही जण तर ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकून घरच्या घरी जुना फाँट परत आणायच्या युक्त्या वाटत बसले होते.

आता यावर ठरलेलं उत्तर असतं की लोकांना बदल नकोच असतो, आठवड्याभरात होईल सवय. थोडं खरंय ते. पण इथे गोची अशी की फाँट एकटा आलाच नव्हता, त्याच दिवशी रंगांचा काँट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, वाढवला, बटणं काळीकुट्ट झाली आणि फॉलोचं बटण चक्क उलटं केलं, म्हणजे आधी भरीव रंग दिसला की आपण फॉलो करतोय असं समजायचं, आता भरीव म्हणजे अजून करत नाहीये. त्या नादात कित्येकांनी चुकून आपल्याच माणसांना अनफॉलो केलं! आणि शिव्या सगळ्या बिचाऱ्या फाँटला.

दोनच दिवसांत ट्विटरने मान्य केलं की ज्यांना अशा गोष्टींचा जास्त त्रास होतो त्यांना हे नवं रूप झेपत नाहीये, बटणांचा काँट्रास्ट कमी करतोय. विंडोजवर चर्पमध्ये गडबड आहे हेही सांगितलं. म्हणजे लोक उगाच नखरे करत नव्हते. माझं तर म्हणणं, एवढे सगळे बदल एकाच दिवशी ढकलायचेच कशाला, मग नक्की कशाने दुखतंय हे कळणार तरी कसं?

या गोंधळात एक मजाही सापडली. चौकोनी कंसात इंग्रजी कॅपिटल अक्षरांत चर्पबर्डआयकॉन असं टाइप केलं की तिथे थेट ट्विटरचा पक्षीच उमटायचा, फाँटमध्येच लपवलेला. शिव्या देणारेही मग तेच टाइप करत बसले.

आपल्या मराठी ट्वीट्सना मात्र धक्काच लागला नाही, कारण चर्पमध्ये देवनागरी नाहीच, तिथे आपला फोनचा फाँट चालू. फक्त मध्येच इंग्रजी हॅशटॅग आला की तेवढाच वेगळा दिसायचा.

बटणं सौम्य झाली, फाँट काही हलला नाही. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं एक्स झालं, पक्षीही गेला, तरी चर्प तिथेच.