स्पॅनिशमधून गणित शिकणारी अमेरिकन पोरं : ड्युअल लँग्वेज शाळा चालते कशी?

नमस्कार मंडळी.

बाई वर्गात येतात आणि म्हणतात, "सिएंतेन्से." समोर वीस-बावीस पोरं, वय वर्षं पाच. निम्मी पटकन बसतात. उरलेली आधी शेजाऱ्याकडे बघतात, मग बसतात. बाईंना इंग्रजी उत्तम येतं, पण आपल्याला ते येतच नाही असं त्या बिनदिक्कत दाखवतात. कुणी इंग्रजीत विचारलं, "पाणी प्यायला जाऊ?" तरी उत्तर स्पॅनिशमधूनच येतं. आणि हा स्पॅनिशचा तास नाहीये बरं का. गणित चाललंय.

शाळा अमेरिकेतली, सरकारी. फी नाही. वर्गातल्या साधारण निम्म्या मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात, निम्म्यांच्या घरी इंग्रजी. अशा वर्गाला इथे टू-वे ड्युअल लँग्वेज म्हणतात, आणि आपला आजचा विषय हाच आहे. कारण इथले मराठी आईबाबा मला सारखं विचारतात, "किंडरगार्टनच्या फॉर्मवर स्पॅनिश ड्युअल लँग्वेजचा पर्याय आहे, खूण करू का?"

करा की. पण आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हा वर्ग आपल्या पोराला एक जादा भाषा यावी म्हणून निघालेला नाही. तो निघाला स्पॅनिश बोलणाऱ्या पोरासाठी. आणि तो चांगला चालतो तेव्हा त्याच पोराच्या जिवावर चालतो.

(स्क्रीनवर: टेक्सासचा नकाशा, मार्फा)

हे टेक्सासमधलं मार्फा गाव. इथे ब्लॅकवेल स्कूल नावाची मेक्सिकन वंशाच्या मुलांची वेगळी शाळा होती. वेगळी म्हणजे गोऱ्या मुलांपासून वेगळी ठेवलेली. १९५४ साली तिथल्या मुलांना चिठ्ठ्यांवर लिहायला लावलं, की मी शाळेत स्पॅनिश बोलणार नाही. मग त्या चिठ्ठ्या एकत्र करून शाळेच्या आवारात चक्क पुरल्या. 'मिस्टर स्पॅनिश'चं दफन! घरी आईशी ज्या भाषेत बोलायचं, तिचीच अंत्ययात्रा पोरांच्या हातून काढली. २०२२ साली कायदा करून या शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला गेला.

आता त्या १९५४ पासून फक्त नऊ वर्षं पुढे या. १९६३, मायामी. क्यूबात १९५९ साली कॅस्ट्रो सत्तेवर आला आणि हजारो कुटुंबं समुद्र ओलांडून फ्लोरिडात आली. डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार अशी सुशिक्षित मंडळी. त्यांना वाटत होतं, हा कॅस्ट्रो काही फार दिवस टिकत नाही, आपण परत जाणार. परत जायचं तर पोरांचं स्पॅनिश पक्कं राहायला हवं. तिथल्या कोरल वे एलिमेंटरी या शाळेत फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर प्रयोग सुरू झाला: अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश, आणि क्यूबन मुलं नि इंग्रजी बोलणारी मुलं एकाच शाळेत. क्यूबाहून आलेल्यांत शिकलेले-सवरलेले शिक्षक आयतेच होते. हल्लीच्या काळातली अमेरिकेतली पहिली द्विभाषिक सरकारी शाळा म्हणून कोरल वेचंच नाव घेतात.

कॅस्ट्रो गेला नाही हे तुम्हाला माहीतच आहे. शाळाही राहिली.

दुसरा धागा कॅनडातून येतो. माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्टाने आपल्या मुलांसाठी सगळं फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. त्यावरून कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीने १९७१ साली स्पॅनिशचा तसाच वर्ग काढला. हा वन-वे प्रकार, म्हणजे जवळजवळ सगळीच मुलं इंग्रजी घरातली आणि स्पॅनिश फक्त बाईंचं. तुमच्या शाळेत यातला कोणता प्रकार आहे, हे आधी विचारा. मला स्वतःला टू-वे जास्त पटतो. भाषा बाईंकडून कळते, पण तोंडात बसते ती डब्यातला खाऊ वाटून घेताना.

आता दिवसाची वाटणी. दोन पद्धती जास्त चालतात. पहिली पन्नास-पन्नास, म्हणजे पहिल्या दिवसापासून अर्धं अर्धं. युटा राज्याने २००८ साली कायदा करून हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, नुसतं स्पॅनिशच नाही तर चिनी, फ्रेंचसुद्धा. युटात दोन बाई आणि दोन वर्ग असतात. एका बाईंनी फक्त इंग्रजी बोलायचं, दुसरींनी फक्त दुसरी भाषा, आणि दिवसाच्या मध्यावर मुलांनी खोल्या बदलायच्या. शिक्षकांची संख्या तेवढीच राहते, त्यामुळे खर्च फारसा वाढत नाही. हिशोबी लोकांना आवडणारी व्यवस्था आहे.

दुसरी नव्वद-दहा. किंडरगार्टनला दिवसाचा नव्वद टक्के वेळ स्पॅनिश, दहा टक्के इंग्रजी. मग दर वर्षी इंग्रजी थोडं थोडं वाढवत चौथी-पाचवीपर्यंत अर्ध्यावर आणायचं. ऐकल्यावर पोटात गोळा येतो ना? अमेरिकेत राहून नव्वद टक्के स्पॅनिश? पण त्यामागचं कारण सरळ आहे. इंग्रजी कुठूनही येतंच: टीव्ही, खेळाचं मैदान, दुकान, शेजार. स्पॅनिशला मात्र शाळेचे तेवढेच तास मिळतात. म्हणून ज्या भाषेचं बाहेर काही चालत नाही, तिला शाळेत जास्त जागा.

शिवाय या पद्धतीत मूल पहिल्यांदा वाचायला शिकतं ते स्पॅनिशमध्ये. स्पॅनिश बहुतांशी लिहिल्यासारखीच वाचली जाते, आपल्या देवनागरीच्या जवळ जाणारा मामला. इंग्रजी स्पेलिंगचे नखरे तिच्यात नाहीत. अक्षर आणि आवाज यांची जोडी एकदा डोक्यात बसली की ती समज पुढे इंग्रजीतही कामाला येते, ती दोनदा शिकावी लागत नाही.

इथे महाराष्ट्रातून बघणारे म्हणतील, अहो, मग आमचं सेमी-इंग्रजी काय वेगळं आहे? गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत! वरवर सारखंच दिसतं. टेक्सासमध्ये तर काही शाळा खरंच विषय वाटून घेतात, गणित इंग्रजीत आणि विज्ञान स्पॅनिशमध्ये. पण जरा निरखून बघा. तिथे विज्ञान स्पॅनिशला दिलंय. आपल्याकडे ज्या विषयांवर पुढचं करिअर उभं राहतं असं पालक मानतात, ते दोन्ही इंग्रजीकडे गेले. मराठीकडे उरलं काय, ते तुम्हीच बघा. मराठीतून अपूर्णांक किंवा प्रकाशसंश्लेषण शिकणारं मूल आणि मराठीत फक्त धडे-कविता वाचणारं मूल, या दोघांची मराठी दहाव्या वर्षी सारखी नसते.

बरं, निकाल काय?

इथे एक गोम आहे. अशा शाळेत मुलं घालणारे पालक मुळातच जास्त धडपडे असतात, त्यामुळे मुलं चांगली निघाली तर श्रेय शाळेचं की घराचं, हे कळत नाही. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये ही अडचण आपोआप सुटली. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून प्रवेश सोडतीने. म्हणजे चिठ्ठी लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं, पालक दोन्हीकडे तितकेच धडपडे. संशोधकांनी या दोन गटांची तुलना केली. सोडत लागलेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत साधारण ७ महिने पुढे होती आणि आठवीत ९ महिने. इंग्रजी वाचनात, बरं का! गणित आणि विज्ञानात फरक दिसला नाही. काही विषय परक्या भाषेत शिकूनही तोटा झाला नाही, असा त्याचा अर्थ. घरी इंग्रजी नसलेल्या मुलांनाही फायदा झाला.

पण हे पाचवीतलं आणि आठवीतलं चित्र आहे. नव्वद-दहाच्या वर्गात दुसरी-तिसरीत इंग्रजीच्या चाचणीत मूल मागे दिसू शकतं. साहजिक आहे, इंग्रजी वाचन औपचारिकपणे सुरू होऊनच फार दिवस झालेले नसतात. नेमके याच वेळी आपले पालक घाबरतात. शेजारच्या शाळेतली मुलगी जाड जाड इंग्रजी गोष्टींची पुस्तकं फस्त करतेय आणि आपला अजून चाचपडतोय. मग मूल काढून दुसऱ्या शाळेत. म्हणजे सगळी गुंतवणूक केली आणि फळ धरायच्या वेळी झाड तोडलं. पाचवीपर्यंत थांबायची तयारी नसेल तर या वाटेला न गेलेलं बरं.

आता राजकारणाकडे पटकन बघू, कारण त्याशिवाय चित्र अर्धवट राहतं. १९६८ साली अमेरिकेने द्विभाषिक शिक्षणाचा कायदा केला. पण त्यातून निघालेले बहुतेक वर्ग वेगळ्या धाटणीचे होते. मुलाला इंग्रजी येईपर्यंत स्पॅनिशचा आधार द्यायचा, आलं की स्पॅनिश बंद. स्पॅनिश म्हणजे दुखणं, बरं झालं की औषध थांबवा. १९९८ साली कॅलिफोर्नियात रॉन उन्झ या सिलिकॉन व्हॅलीतल्या उद्योजकाने प्रपोझिशन २२७ आणलं, म्हणजे लोकांनी थेट मत द्यायचा कायद्याचा प्रस्ताव. शिक्षण इंग्रजीतूनच द्या, असा त्याचा रोख. लोकांनी ते मोठ्या मतांनी मंजूर केलं. ड्युअल लँग्वेजचे वर्ग त्यातही तगले, कारण पालकांनी लेखी सूट मागायची तरतूद होती. आणि अठरा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन ५८ ला सत्तर टक्क्यांहून जास्त मतं देऊन ती बंधनं उठवली.

मधल्या काळात असं काय बदललं? बरंच काही. पण एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही, ती मी बोलते. इंग्रजी बोलणाऱ्या, बऱ्या पगाराच्या पालकांना आपल्या मुलांसाठी स्पॅनिश हवंसं झालं होतं. भाषा तीच. गरीब मजुराच्या पोराच्या तोंडी ती अडचण होती, इंजिनिअरच्या पोराच्या तोंडी ती हुशारी झाली.

ग्वादालुपे वाल्देस या अभ्यासक बाईंनी १९९७ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी घरातल्या मुलांना समजावं म्हणून बाई स्पॅनिश सोपं करून बोलायला लागल्या, तर ज्यांची ती मायबोली आहे त्या मुलांच्या वाट्याला पातळ स्पॅनिश येतं. शिवाय कौतुकाचं मापही दोन्हीकडे वेगळं. एकाने स्पॅनिशची दोन वाक्यं बोलली की वा वा, दुसऱ्याने अख्खं इंग्रजी शिकलं तर त्यात काय विशेष. आज त्यात घरांच्या किमतीची भर पडली आहे. वर्गाचं नाव होतं, सुस्थितीतली कुटुंबं त्या वस्तीत येतात, भाडी वाढतात, आणि स्पॅनिश बोलणारी कुटुंबं लांब ढकलली जातात. शेवटी वर्गात स्पॅनिश बोलणाऱ्या एकट्या बाईच उरल्या तर त्या टू-वेमध्ये राहिलं काय? म्हणून बऱ्याच शाळा काही जागा स्पॅनिशभाषक मुलांसाठी राखून ठेवतात. आपले काही लोक त्यावर कुरकुरतात, "आमच्या मुलाला डावललं." अहो, त्या मुलांना जागा दिली म्हणून तर तुमच्या मुलाला स्पॅनिश येणार आहे.

शिक्षकांचा तुटवडा ही दुसरी डोकेदुखी. स्पेन, मेक्सिकोहून शिक्षक जे-१ व्हिसावर येतात आणि मुदत संपली की परत जातात. व्हिसाच्या तारखेवर टांगलेलं आयुष्य आपल्या लोकांना मी काय समजावणार! शाळा बघायला जाल तेव्हा हमखास विचारा, की स्पॅनिशच्या बाई इथे किती वर्षांपासून आहेत. मधल्या सुट्टीत मैदानाजवळ उभं राहून ऐका. चौथी-पाचवीपर्यंत बहुतेक मुलं आपसात इंग्रजीतच बोलायला लागतात, अगदी स्पॅनिश घरातलीसुद्धा. रविवारच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात काय चालतं ते आठवा, म्हणजे धक्का बसणार नाही. आणि ही शाळा पाचवीनंतर कुठे जाते, तेही विचारा. मिडल स्कूलमध्ये स्पॅनिशचा एकच तास उरत असेल, तर शिकलेलं पातळ होत जातं.

मग आपली मराठी? तिसऱ्या भाषेचं ओझं होईल का, ही भीती मला सगळ्यात जास्त ऐकू येते. माझं स्पष्ट मत आहे, स्पॅनिशने आपल्या पोरांची मराठी बुडत नाही. ती बुडते इंग्रजीने, आणि तेही घरात आपणच इंग्रजी बोलतो म्हणून. उलट एकदा मुलाने पाहिलं, की शाळेत इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत गणित होतं, गमती होतात, रागावणंही होतं, तर आजीशी मराठीत बोलणं त्याला विचित्र वाटत नाही. हायस्कूल संपताना दोन भाषा येणाऱ्यांना सील ऑफ बायलिटरसी नावाची मोहोर मिळते, कॅलिफोर्नियाने २०११ साली ती सुरू केली. बऱ्याच ठिकाणी ती शाळेत न शिकवल्या जाणाऱ्या भाषेची परीक्षा देऊनही मिळवता येते. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीची सोय आहे का, विचारून ठेवा.

आता फॉर्मचं. प्रवेशाच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हे भरावा लागतो. घरी कोणती भाषा बोलता, असा साधा प्रश्न. बरेच जण घाबरून 'इंग्रजी' लिहितात, कारण 'मराठी' लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते. होऊ द्या! त्या चाचणीने कुणाचं नुकसान होत नाही, आणि गरज असेल तर मदत मिळते. खरं काय ते लिहा.

आणि ज्यांचं प्रोजेक्ट वर्ष-दीड वर्षात संपून गाव बदलायची शक्यता आहे, त्यांनी नव्वद-दहाच्या वर्गाचा मोह आवरा. पहिलीच्या मध्यावर तिथून बाहेर पडलेल्या मुलाला स्पॅनिश वाचता येत असतं, इंग्रजी वाचायला त्याला अजून कुणी शिकवलेलं नसतं, आणि नव्या गावात ही सोय असेलच असं नाही. पन्नास-पन्नास असेल तर हा धोका कमी. उलट, दोन वर्षांनी बघू म्हणून थांबलात तरी पंचाईत, कारण पहिलीनंतर इंग्रजी घरातल्या मुलाला बऱ्याच शाळा भाषेची चाचणी घेतल्याशिवाय आत घेत नाहीत.

प्रश्न असतील तर खाली लिहा, आणि राज्याचं नाव नक्की टाका. टेक्सासचं उत्तर न्यू जर्सीला चालत नाही.