कुणालाच न सांगितलेले विचार

(लातूर इथं एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी मला विचारलं होतं, ‘हात धुण्याचा आजार’ असा विषय छापू का? लोकांना लगेच कळेल. मी नको म्हटलं. ओसीडी, म्हणजे नको तो विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्यापायी तीच ती कृती करत राहण्याचा आजार, ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, त्याचा हात धुणारा भाग घरच्यांना दिसतो. मला आज न दिसणाऱ्या भागाबद्दल बोलायचं आहे.

दिसणाऱ्या भागाबद्दल थोडंच सांगते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, हे इथं बसलेल्या बहुतेकांना आठवत असेल. टँकरपुढं घागरींची रांग लागलेली, आणि घरातली सून एक तांब्या स्वच्छ करायला अर्धी बादली ओतते. त्या घरात काय होत असेल? भांडणं होतात, कधी मारझोडही होते. फार वाईट दिवस काढतात या बायका. पण पाणी संपतं म्हणून आजार उघडा पडतो, आणि कुणीतरी वैतागून का होईना, तिला दवाखान्यात आणतं.

ज्याचं पाणी संपत नाही, वेळही फारसा जाताना दिसत नाही, जो जेवतो, कामाला जातो, लग्नकार्यात पंगतीत वाढायला उभा राहतो, त्याला कोण आणणार?

एका माणसाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरात पिढीजात नवरात्र. घट बसले की हा माणूस नऊ दिवस अनवाणी. दरवर्षी तुळजापूरला पायी जाणारा. एका वर्षी गाभाऱ्यात देवीसमोर हात जोडले आणि मनात देवीविषयी अत्यंत घाण शब्द उमटले. त्याला दरदरून घाम फुटला. कान धरले, नाक घासलं. दुसऱ्या दिवशी घरच्या देव्हाऱ्यापुढं तेच. मग त्यानं मनातल्या मनात उपाय शोधला: तो शब्द आला की देवीचं नाव अकरा वेळा घ्यायचं. मध्येच घाण शब्द आला तर पुन्हा पहिल्यापासून. पुढे अकराचे एकशे आठ झाले. मोटारसायकलवर, शेतात, जेवताना, ओठ न हलवता हा हिशोब चालू. शेवटी तुळजापूरला जाऊनही तो कळसाचं दर्शन घेऊन बाहेरूनच परतू लागला. बायकोला म्हणाला, गुडघे दुखतात, पायऱ्या उतरवत नाहीत. घरच्यांनी हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे काढले, तेल आणलं, गुडघ्याला पट्टा आणला. तो पट्टा त्यानं कित्येक महिने बांधला. दुखणं कुठं आहे हे सांगण्यापेक्षा पट्टा बांधणं त्याला सोपं वाटलं.

माझ्यासमोर बसला तेव्हा बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, “मॅडम, कोण दुसरं बोलंना, माझ्याच मनातून येऊलालंय. मनातून आलं म्हंजे ते माझंच की.”

सगळा आजार या एका वाक्यात आहे. आणि ते वाक्य खरं नाही, एवढंच आज मला सांगायचं आहे.

1978 साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तुमच्या मनात कधी नको ते, हिंसक, अश्लील, अभद्र विचार येतात का? सुमारे 80 टक्के लोक हो म्हणाले. पुढे 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार येऊन गेला असं सांगणारे जवळपास 94 टक्के निघाले. गच्चीच्या कठड्याशी उभं असताना ‘उडी मारली तर?’, कडेवरचं मूल ‘हातातून सोडलं तर?’, मयतीच्या घरात ‘आता हसू आलं तर?’. या सभागृहातही हे विचार आलेलेच असणार. तुम्ही क्षणभर दचकलात आणि पुढच्या कामाला लागलात. ओसीडी असलेल्या माणसाला तोच विचार येतो, पण तो तिथंच थांबतो आणि स्वतःवर खटला भरतो: मला हे सुचलंच कसं? मी आतून असाच आहे का?

मग तो विचार दाबायला जातो. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर आणखी जास्त आलं. तिथं नुसतं अस्वल होतं. इथं देवीविषयीचे शब्द आहेत.

हा आजार काय निवडतो तेही बघा. ज्याला जे सर्वांत प्रिय, तिथंच तो बोट ठेवतो. देवाला न मानणाऱ्या माणसाला देवाविषयीच्या अभद्र विचारांनी छळल्याचं सहसा दिसत नाही. माझ्याकडे मुसलमान रुग्ण येतात, ते अशा विचारांना वसवसे म्हणतात. वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, पुन्हा पुन्हा करतात, नमाज मोडला की काय म्हणून परत सुरुवातीपासून. देवघर वेगळं, आजार तोच. मुलांवर जीव असलेल्या शिक्षकाला मुलांविषयी घाणेरडा विचार येतो आणि तो प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या रांगेपासून लांब उभा राहायला लागतो. विचारानं एवढी तडफड होते, कारण तो विचार त्या माणसाच्या स्वभावाच्या उलटा असतो.

आता एका बाळंतिणीबद्दल. पहिलटकरीण, माहेरी आलेली, बाळ दीड महिन्याचं. भाजी चिरताना विळीकडे बघून मनात आलं, हे बाळाच्या गळ्याला लागलं तर? आणि लगेच दुसरं: मीच लावलं तर? तिनं विळी पिठाच्या डब्यामागं लपवली. सुऱ्या धुणं-भांडी करणाऱ्या मावशींना देऊन टाकल्या. आईला म्हणाली, मला भाजी चिरायचा कंटाळा येतो. मग बाळाला अंघोळ घालणं सोडलं, पाणी नाकातोंडात गेलं तर म्हणून. रात्री बाळाला आईजवळ निजवायची आणि स्वतः दाराला आतून कडी लावून दुसऱ्या खोलीत झोपायची. कडी कशासाठी? झोपेत उठून आपण जाऊ नये म्हणून. गल्लीत बोललं जायला लागलं, हिला लेकराची माया नाही. बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवून झालं, अंगारा लावून झाला. मायेपोटी ती स्वतःला कोंडून घेत होती, हे कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. ती सांगणार कुणाला? सांगितलं तर लेकरू काढून घेतील, नवरा माहेरीच ठेवील, ही भीती तिला होती.

बाळंतपणानंतर हा आजार सुरू होण्याची किंवा असलेला वाढण्याची शक्यता जास्त असते. इथं एक फरक मात्र सगळ्यांनी, विशेषतः आशाताई आणि नर्सताईंनी, नीट लक्षात ठेवावा. ओसीडी असलेली आई त्या विचारानं हादरते, बाळाला जपण्यासाठीच लांब जाते. पण बाळंतीण असंबद्ध बोलते आहे, आवाज ऐकू येतात म्हणते, बाळात काहीतरी शिरलंय असं तिला पक्कं वाटतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही, झोप पार उडाली आहे, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

त्या मुलीनं शेवटी आईला सांगितलं. आई म्हणाली, “अगं, तू असं कधी करशील का? वेडी कुठली.” मुलीला बरं वाटलं, तासभर. संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. आईनं पुन्हा तेच सांगितलं. आठवडाभरात ती दिवसातून पन्नास वेळा विचारू लागली. आई चुकली असं मी म्हणत नाही, कुठलीही आई हेच करील. पण हा धीर म्हणजे नायटा खाजवणं आहे. खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि नायटा पसरतो. मनातला जप, पुन्हा पुन्हा माफी मागणं, मोबाईलवर ‘मी खुनी आहे का’ शोधत बसणं, हे सगळं तेच खाजवणं. म्हणून कीर्तनकार, महाराज मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. कुणी येऊन म्हणालं की देवाविषयी वाईट विचार येतात, तर त्याला जप वाढवायला सांगू नका. श्रद्धेनं केलेला जप वेगळा. हा माणूस भीतीनं जप करतोय, आणि तो जपच त्याला खातोय. तुम्ही ‘डॉक्टरला दाखव, देव रागावत नाही’ एवढं एकदाच म्हणालात तर माझ्या दहा भेटींचं काम होतं.

घरच्यांनी काय म्हणायचं? तिच्या आईला मी एक वाक्य दिलं: “हे तुझा आजार विचारतोय, याचं उत्तर मी देणार नाही. पण मी इथंच तुझ्याजवळ बसलेय.” म्हणताना पहिल्यांदा त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला उत्तर नाकारणं सोपं नसतं.

उपचारांची दिशा 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दाखवली. त्यांनी ज्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं, त्यातल्या एकीला धर्माविषयीचे अभद्र विचारच छळत होते. पद्धत ऐकायला साधी आहे: ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर हळूहळू जायचं, आणि भीती घालवण्यासाठी जे करत होतो ते करायचं नाही. विचार येऊ द्यायचा, त्याला उत्तर द्यायचं नाही. बाळंतिणीनं आधी विळी नुसती ओट्यावर ठेवली. मग बाळ दुसऱ्या खोलीत असताना दोडका चिरला. मग बाळ झोळीत, आई शेजारी, आणि ती मेथी चिरतेय. हात थरथरत होते. भीती चढली, टिकली आणि काही न करताच ओसरली. शेवटी झोळीजवळ एकटीनं बसून तिनं भाजी चिरली. तुळजापूरच्या माणसानं ते शब्द कागदावर लिहिले, स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड केले आणि अकरा वेळा नाव न घेता ऐकले. त्याच्यासाठी ते किती अवघड होतं, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. हे घरच्या घरी जबरदस्तीनं करायचं काम नव्हे. जाणत्या माणसाच्या सोबतीनं, पायरी-पायरीनं.

गोळ्याही असतात. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्झामिन, आणि जुनं पण गुणी क्लोमिप्रामिन. या झोपेच्या गोळ्या नाहीत, यांची नशा होत नाही. डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. आपल्याकडे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद होते, हे माझं रोजचं दुःख. बरं वाटल्यावरही निदान वर्षभर, अनेकदा दोन वर्षं, चालू ठेवावी लागते. सगळ्यांना सारखाच गुण येत नाही. एका औषधानं नाही आला तर दुसरं असतं.

किती लोकांना हे असतं? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण सुमारे 0.8 टक्के आढळलं. ते सर्वेक्षण 12 राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तोच आकडा धरला तर दोन हजार प्रौढ असलेल्या गावात पंधरा-सोळा माणसं होतात. तुमच्या गावात तुम्हाला किती माहीत आहेत? आणि आपल्या लातूरच्या वसतिगृहांतली मुलं. नीट परीक्षेचा अभ्यास करताना एकच ओळ वीस वेळा वाचणारा, ओएमआर उत्तरपत्रिकेवरचं वर्तुळ गिरवत बसणारा मुलगा ‘एकाग्रता नाही’ म्हणून बोलणी खातो. त्याला एकदा विचारा, पुढच्या ओळीवर गेलास तर काय होईल असं वाटतं? “बाबांना काहीतरी होईल” असं उत्तर मी ऐकलेलं आहे.

राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही, आणि त्यामुळे ‘मनाचा दवाखाना’ म्हणजे कुठंतरी लांब, कुलूपबंद जागा असं आपल्या मनात बसलंय. या आजाराला बहुतेकदा भरती व्हावंच लागत नाही. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. लातूरचा माणूस ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून सोलापूरला जातो, मला माहीत आहे. जा, हरकत नाही, पण जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. सोयरिकीच्या वेळी कुणी विचारायला आलं म्हणून मी सांगू शकत नाही. आणि ‘असल्या माणसानं जगूच नये’ असं ज्यांना आत्ता वाटतंय, त्यांनी उद्यापर्यंत थांबू नका. तो नंबर आत्ता लावा, किंवा शेजारी बसलेल्याचा हात धरून सांगा.

दवाखान्यात आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, ही खरी अडचण. तर कागदावर लिहून आणा. ‘डॉक्टर, माझ्या मनात मला नको असलेले विचार येतात आणि ते सांगायची लाज वाटते’ एवढं लिहिलं तरी पुरे. विचार कोणता, ते पहिल्या भेटीत सांगितलंच पाहिजे असं नाही. सोबत आलेल्या सासूबाईंना, वडिलांना डॉक्टर पाच मिनिटं बाहेर बसवतील. बसवलं नाही तर तुम्ही मागून घ्या.

स्वयंसेवक आता कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन वाटतील. प्रश्न नसला तरी प्रत्येकानं चिठ्ठीवर काहीतरी लिहा, गावाचं नाव लिहिलं तरी चालेल, म्हणजे कोण खरंच लिहितंय हे शेजाऱ्याला कळणार नाही. स्वतःचं नाव कुणीही लिहू नका. मी एकेक वाचते.