दोन मिलिमीटरचं पटल

(दृश्य : मंद उजेडाची खोली. सोनोग्राफीचं मशीन. कॉटवर एक तरुण.)

याला काहीही झालेलं नाही. खोकला नाही, दम लागत नाही. म्हणूनच त्याला बोलावलंय. निरोगी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पातळ स्नायू, कसं हलतं हे नजरेत बसल्याशिवाय आजारी पटल ओळखता येत नाही.

गार जेल लागताच त्याचा श्वास क्षणभर अडकतो.

डॉक्टरांनी प्रोब उजव्या बरगड्यांखाली टेकवलाय, रोख वर आणि पाठीकडे. यकृतातून ध्वनिलहरी सहज पुढे जातात. त्याच्या पलीकडची ती ठळक पांढरी कमान, तेच श्वासपटल. श्वास घेतला की कमान खाली, प्रोबच्या दिशेनं सरकते. एम-मोड, म्हणजे एका रेषेवरची हालचाल काळानुसार दाखवणारी मशीनची पद्धत, लावला की याच हालचालीची लाट उमटते, आणि लाटेची उंची मोजता येते.

२००९ साली २१० निरोगी प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संथ श्वासात पटल पुरुषांमध्ये सरासरी १.८ सेंटिमीटर हललं, स्त्रियांमध्ये १.६. छाती भरून श्वास घेतल्यावर ७ आणि ५.७. केवढी ताकद राखून ठेवलेली असते शरीरानं!

डावीकडे मात्र कसरत असते. प्लीहेतून वाट अरुंद, त्यात जठरातला वायू आडवा येतो.

(दृश्य : प्रोब बदलला जातो.)

आता जाडी. प्रोब काखेच्या रेषेत, आठव्या-नवव्या बरगडीच्या फटीत. दोन पांढऱ्या रेघा दिसतात : एक फुप्फुसावरण, एक उदरावरण. मधला काळसर पट्टा म्हणजे स्नायू. श्वास सोडल्यावर तो जेमतेम दोन मिलिमीटर भरतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर मोजमाप पाव हिश्शानं चुकलं! शिवाय धडधाकट माणसांतही जाडी कमी-जास्त असतेच. म्हणून नुसत्या जाडीवर विसंबू नये. पूर्ण श्वास घेताना स्नायू किती फुगतो ते पाहावं. ती वाढ वीस टक्क्यांहून कमी भरली, तर पटल लुळं पडल्याची शंका घेतात.

“आता नाकानं झटकन हुंगा.”

कमान झपकन खाली येते. लुळं पडलेलं पटल अशा वेळी उलटं, वर जातं.

तरुण मान वळवून पडद्याकडे बघतो. स्वतःचा श्वास दिसताच तो जरा जास्तच खोल घेऊ लागतो, लाटा उंचावतात. डॉक्टर काही न बोलता पडदा आपल्याकडे फिरवतात आणि थांबतात. मिनिटभरानं लाटा पुन्हा सारख्या होतात.

मग मोजणी सुरू होते.