पास्काची मेणबत्ती

पवित्र शनिवारची रात्र. पास्का, म्हणजे ईस्टर, या ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाची ही आदली रात्र. वसईतल्या चर्चचं आवार काळोखात आहे. आतले दिवे बंद, आवारातला हॅलोजनही बंद. हा काळोख मुद्दाम केलेला असतो आणि तो पुरता करावा लागतो. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरिया येशूच्या कबरीपाशी जाते, तेव्हा अजून अंधारच असतो. पुनरुत्थानाची आशा तिथून सुरू होते.

कित्येक शतकं या रात्रीची उपासना शनिवारी सकाळीच उरकली जायची. भर उजेडात मेणबत्ती पेटवायची आणि रात्रीची स्तुती गायची! १९५१ साली पोप बारावे पायस यांनी ती पुन्हा रात्री करण्याची मुभा दिली, आणि १९५६ पासून ते सगळीकडे लागू झालं. आता रात्र पडल्याशिवाय आरंभ नाही, आणि रविवार उजाडण्याआधी समाप्ती.

बाहेर शेकोटी पेटते. लाकडं ओली असली तर नुसता धूर होतो, म्हणून ती आधीच वाळवून ठेवतात. धर्मगुरू नव्या अग्नीला आशीर्वाद देतात.

आता मेणबत्ती जवळून पाहा. ती मेणाचीच हवी, दर वर्षी नवी हवी. तिच्यावर क्रूस कोरायचा, वर आल्फा, खाली ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. २०२६ साली वर २ आणि ०, खाली २ आणि ६. आरंभ आणि अंत ज्याचा, हे वर्षही त्याचंच, असा त्याचा अर्थ. मग धुपाचे पाच दाणे, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी: वर, मध्ये, खाली, डावीकडे, उजवीकडे. थंड मेणात दाणा तसाच दाबला तर मेण तडकतं. म्हणून तापवलेल्या सुईने भोकं आधीच पाडून ठेवावीत. जाड वातही शेकोटीवर थेट पेट घेत नाही. मध्ये एक बारीक मेणबत्ती हवी.

‘ख्रिस्ताचा प्रकाश’ अशी घोषणा तीनदा होते. पहिली दाराशी, दुसरी चर्चच्या मध्यावर, आणि तिथून ज्योत लोकांकडे जाते. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरकी करायची. उलट केलं की वितळलेलं मेण शेजाऱ्याच्या हातावर. तिसऱ्या घोषणेनंतर चर्चमधले दिवे लागतात आणि पास्काची घोषणा, म्हणजे या रात्रीचं स्तुतिगीत, गायली जाते. मेण घडवणाऱ्या मधमाश्यांचं नावही तिच्यात येतं. वाटून दिली तरी उणी न होणारी ही ज्योत, असं ती म्हणते.

जुन्या करारातली वाचनं सात. वेळ नसेल तर निदान तीन, पण समुद्र दुभंगल्याचं निर्गमाचं वाचन कधीच गाळायचं नाही. घाईघाईने वाचलं तर ही रात्र हातची जाते. वाचकांनी आठवडाभर आधी सराव करावा.

पुढे पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत, ही मेणबत्ती प्रत्येक उपासनेला पेटते. वातीभोवती मेणाचं तळं साचलं, कडा उंच राहिल्या, की वात बुडते आणि ज्योत मिणमिणते. ज्योत विझवून साचलेलं मेण ओतून टाकायचं आणि कडा मऊ असतानाच छाटायच्या.

पेंटेकॉस्टनंतर ती स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, कुंडापाशी ठेवतात. बाळाची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवली जाते. आणि अंत्यविधीला शवपेटी आत आली की हीच मेणबत्ती तिच्याजवळ उभी असते. शनिवारी रात्री घरच्या सगळ्यांनी जिच्यावरून आपापली ज्योत घेतली होती, तीच.